अमेरिकेत पोरांकडे जाताय? सेंट ऑगस्टिनला तीन रात्री तरी काढा

रत्नागिरी, दापोली, मालवणकडची बरीच मंडळी आता मुलाकडे-मुलीकडे अमेरिकेला जातात आणि लिस्ट बहुतेक ठरलेलीच असते, न्यूयॉर्क, नायगारा, डिस्ने. ते सगळं बघाच. पण आपण किल्ल्यांच्या सावलीत वाढलेली माणसं, म्हणून माझं मनापासून सांगणं आहे की एक जुनं शहर मुद्दाम प्लॅनमध्ये घाला, आणि समुद्रकाठचं पाहिजे असेल तर फ्लोरिडातलं सेंट ऑगस्टिन. १५६५ साली स्पॅनिश लोकांनी वसवलं. युरोपियनांनी वसवलेल्या आणि तेव्हापासून सलग वस्ती असलेल्या शहरांत आजच्या मुख्य अमेरिकेतलं हे सगळ्यात जुनं. लोक काय करतात, ओरलँडोला डिस्नेसाठी येतात आणि तिथनं अर्ध्या दिवसात हे शहर उरकून परत जातात, म्हणजे येण्याजाण्यातच चार तास गेले आणि किल्ल्यापुढे फोटो काढून झालं. तसं करू नका. शहर लहान आहे, पायी फिरण्यासारखं आहे, तिथेच मुक्काम करा.

आधी कधी जायचं ते ठरवा, कारण आपलं वर्ष शेतीवर आणि गणपतीवर चालतं. जून ते नोव्हेंबर तिकडे हरिकेनचा म्हणजे चक्रीवादळांचा सीझन, आणि हे नुसतं कागदावरचं नाही, २०१६ च्या मॅथ्यूने आणि २०१७ च्या अर्माने या शहरात पाणी शिरलं होतं. जुलै-ऑगस्टमध्ये उकाडा आपल्या मे महिन्यासारखा आणि दुपारी गडगडाट करून पाऊस. मार्च-एप्रिल तिकडे हवा छान असते पण आंबेवाल्यांना तेव्हा घर सोडता येत नाही. म्हणून ज्यांची बाग आहे त्यांना मी सांगेन की गणपती, भातकापणी, दिवाळी सगळं आटपून नोव्हेंबरच्या मध्यावर निघा आणि मोहोराच्या फवारण्यांचं काम जोरात सुरू व्हायच्या आत परत या. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत तिथे सगळं जुनं शहर दिव्यांनी सजवतात, नाइट्स ऑफ लाइट्स म्हणतात, बघण्यासारखं असतं पण शनिवार-रविवारी गर्दीने गाडी हलत नाही. सोमवार ते गुरुवार मुक्काम धरा, हॉटेलही स्वस्त पडतं. फक्त नोव्हेंबरचा चौथा गुरुवार म्हणजे थँक्सगिव्हिंग आणि २५ डिसेंबर, या दोन दिवशी किल्ला बंद असतो.

व्हिसाचं काम मात्र सगळ्यात आधी, आठ-दहा महिने तरी हातात ठेवा. डीएस-१६० फॉर्म ऑनलाइन भरायचा, व्हिजिटर व्हिसाची अर्जाची फी १८५ डॉलर, ती परत मिळत नाही. मुंबईत दोन कामं असतात, एकदा बोटांचे ठसे आणि फोटो, आणि मग बीकेसीला कॉन्सुलेटमध्ये इंटरव्ह्यू. दोन्ही तारखा लागोपाठ मिळाल्या तर बघा म्हणजे कोकण रेल्वेची एकच खेप होईल, आणि आदल्या दिवशीच मुंबईत पोचा, पावसाळ्यात तर नक्कीच, तेव्हा गाड्यांचं टाइमटेबल वेगळं असतं आणि गाडी कुठे अडकेल सांगता येत नाही. कॉन्सुलेटमध्ये मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे नातेवाइकाला बाहेर थांबवा. सातबारा, पेन्शनचे कागद, बँकेचं स्टेटमेंट सोबत ठेवा पण ते बघतीलच असं नाही, विचारलं तेवढंच सरळ उत्तर द्यायचं, कुठे जाणार, किती दिवस, खर्च कोण करणार, परत कधी येणार. विमानाचं तिकीट व्हिसा हातात आल्यावरच काढा.

मुंबईहून तिथे थेट विमान नाही. जवळचा मोठा विमानतळ जॅक्सनव्हिल, तिथून गाडीने साधारण तासभर. एक गोष्ट आईवडिलांना नीट समजावून सांगा, अमेरिकेत ज्या पहिल्या विमानतळावर उतराल तिथेच इमिग्रेशन होतं, तिथेच सगळ्या बॅगा उचलायच्या, कस्टममधून न्यायच्या आणि पुढच्या विमानासाठी परत द्यायच्या. त्यासाठी मधे तीन-चार तासांचा वेळ असलेलंच तिकीट घ्या. आणि खायच्या वस्तू! ताजी फळं, कलमं, बियाणं, मटण-चिकनचं काहीही न्यायचं नाही, पोराला हापूस कितीही आवडत असला तरी. कुळथाचं पीठ, मसाला, लोणचं हे जे काही न्याल ते फॉर्मवर किंवा तोंडी सांगून टाका. सांगितलेली वस्तू नको असेल तर ते काढून घेतात, दंड होत नाही, दंड होतो तो लपवल्याचा.

मेडिकल इन्शुरन्स न काढता जाऊच नका, बीपी-शुगर असेल तर जुन्या आजाराचं त्यात काय लिहिलंय ते सही करण्याआधी वाचा.

राहायचं कुठे तर शक्यतो जुन्या शहरात किंवा चालत जाता येईल अशा ठिकाणी. थोडे पैसे जास्त जातात पण पार्किंगची डोकेदुखी वाचते, कारण गल्ल्या अरुंद आणि मुख्य सेंट जॉर्ज स्ट्रीटवर गाड्यांना बंदीच आहे. गाडी असेल तर व्हिजिटर सेंटरजवळच्या मोठ्या पार्किंगमध्ये लावून मोकळं व्हा. खाडीकाठच्या सखल रस्त्यांवर शरद ऋतूत उधाणाच्या भरतीचं पाणी चढतं, त्यामुळे बुकिंग करताना तळमजल्याची खोली आणि खाली पार्किंग याबद्दल हॉटेलला विचारून घ्या. हॉटेलच्या दाखवलेल्या भावावर टॅक्स वेगळा लागतो, जेवणाच्या बिलावर १८-२० टक्के टिप धरायची, हे बजेटमध्ये पहिल्यापासून टाकलं की मग जीव खालीवर होत नाही. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी शहरभर फिरणाऱ्या ट्रॉली म्हणजे पर्यटकांच्या उघड्या गाड्या आहेत, एका तिकिटात हव्या त्या स्टॉपवर उतरा, परत चढा.

आता किल्ला. कास्तिलो दे सान मार्कोस. यासाठी एक अख्खी सकाळ द्या, उघडायच्या वेळेलाच दारात हजर राहा. तिकीट माणशी १५ डॉलर, ते सात दिवस चालतं, १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना फुकट, तरी निघण्याआधी नॅशनल पार्कच्या साइटवर वेळा आणि भाव बघून घ्या. सात दिवस चालतं याचा फायदा हा की सकाळी आत बघायचं आणि दुपारनंतर किंवा दुसऱ्या दिवशी तटावर परत जाऊन खाडी बघत बसायचं.

बांधकाम सुरू झालं १६७२ ला, म्हणजे महाराजांच्या राज्याभिषेकाच्या दोन वर्षं आधी, आणि मालवणचा सिंधुदुर्ग तेव्हा बांधून पाचच वर्षं झाली होती. कारण सुद्धा आपल्या ओळखीचं, समुद्रावरून येणारा शत्रू. १६६८ साली रॉबर्ट सर्ल्स नावाच्या इंग्रज चाच्याने शहर लुटलं, त्याआधीचे लाकडी किल्ले एकामागून एक कुजत-जळत होते, मग स्पॅनिशांनी दगडी बांधायचं ठरवलं. पण फ्लोरिडात काळा पाषाण कुठला, वाळू आणि दलदल. त्यांना समोरच्या अनास्तासिया बेटावर कोकिना सापडला, म्हणजे लाखो बारीक शिंपले एकमेकांना चिकटून झालेला दगड. जमिनीतून काढताना तो मऊ, सहज कापता येतो, आणि बाहेर हवेवर वाळला की घट्ट होतो. हे वाचून आपल्याकडच्या कुठल्याही चिरेखाणवाल्याला जांभ्याची आठवण येईल, जांभाही खाणीत कापताना मऊ आणि उघड्यावर राहिला की कडक. जोडायला चुना, तोही शिंपले भाजून केलेला. भिंतीला हात लावायच्या आधी जवळ जाऊन डोळे भरून बघा, एकेक शिंपला दिसतो (ओरखडू नका, दगड झिजतोय).

१७०२ ला इंग्रजांनी वेढा घातला, इकडे तेव्हा ताराराणी औरंगजेबाशी लढत होत्या. शहरातली सगळी माणसं आणि शिपाई मिळून दीड हजाराच्या आसपास लोक पन्नासएक दिवस त्या किल्ल्यात होते. तोफगोळे भिंतीवर आदळले तरी कोकिना फुटून त्याच्या चिरफळ्या उडाल्या नाहीत, गोळे भिंतीत रुतले किंवा मऊसर दगडाने त्यांचा जोर खाऊन टाकला. इंग्रजांनी शहर जाळलं पण किल्ला मिळाला नाही. १७४० ला परत वेढा, परत तेच. वसई पडून तेव्हा एकच वर्ष झालं होतं. पुढे किल्ला ब्रिटनकडे, परत स्पेनकडे आणि १८२१ ला अमेरिकेकडे गेला तो सगळा तहाने, कागदावर. लढून कोणी घेतला नाही. अमेरिकेच्या काळात तो तुरुंग झाला, सेमिनोल या तिथल्या मूळनिवासी लोकांचा पुढारी ओसिओला १८३७ ला इथे कैदेत होता, त्या खोल्यांमध्ये घाईने पुढे जाऊ नका, तिथलं लिहिलेलं वाचा. बुरुज चार, टोकदार, एका बुरुजावर उभं राहिलं की दुसऱ्याची बाजू तोफेच्या माऱ्यात कशी येते ते समजतं. शनिवार-रविवारी बऱ्याचदा जुन्या पद्धतीने तोफ डागून दाखवतात, तुमचा मुक्काम आठवड्याच्या मधला असेल तर ते हुकेल, पण गर्दीचा विचार करता मी मधलेच दिवस घेईन.

दुसऱ्या दिवशी गाडी असेल तर फोर्ट मतान्झास, दक्षिणेला साधारण २२ किलोमीटर. छोटासा टेहळणी बुरूज, १७४० च्या वेढ्यानंतर मागच्या खाडीतून कोणी शहरात शिरू नये म्हणून बांधलेला, आपला जयगड जसा शास्त्री नदीच्या मुखावर बसलाय तसंच काम. होडीने नेतात, होडी फुकट आहे पण जागा मोजक्या, लवकर जा. येताना अनास्तासिया बेटावरचं लाइटहाउस, १८७४ चं, २१९ पायऱ्या, ज्यांना चढवत नाही त्यांनी खालीच थांबावं.

फोर्ट मोसे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. शहराच्या उत्तरेला आहे. इंग्रजांच्या मळ्यांतून पळून आलेल्या गुलामांना स्पॅनिशांनी १७३८ ला तिथे मोकळी माणसं म्हणून वसवलं, आजच्या अमेरिकेतली कायद्याने मान्य अशी कृष्णवर्णीयांची ती पहिली स्वतंत्र वस्ती. आणि याच शहरात १९६४ च्या जूनमध्ये मार्टिन ल्युथर किंग यांना अटक झाली, काळ्या लोकांना जेवू न देणाऱ्या हॉटेलात ते जेवायला गेले म्हणून. मधल्या चौकात बसाल तेव्हा मुलांना हे सांगा.

फाउंटन ऑफ यूथ नावाच्या पार्कला लोक तारुण्याच्या पाण्याच्या गोष्टीसाठी जातात, ती गोष्ट दंतकथाच आहे, पण १५६५ ची पहिली वस्ती उत्खननात त्याच जागेत सापडली आहे, वेळ उरला तर तेवढ्यासाठी जा. भुताच्या टूरवर पैसे घालवू नका. त्यापेक्षा फ्लॅगलर कॉलेज आतून बघा, १८८८ चं आलिशान हॉटेल होतं ते.

जेवणाचं सांगायचं तर कोळंबी खाणाऱ्यांची मजा आहे. १७७७ ला इथे आलेल्या मिनोर्कन (भूमध्य समुद्रातल्या मिनोर्का बेटावरच्या) लोकांच्या वंशजांचा कोळंबी घातलेला पिलाव मिळतो आणि डॅटिल नावाची तिथली मिरची आहे, छोटी पिवळी, चवीला जरा गोडसर पण झणझणीत, सॉसची बाटली घरी आणण्यासारखी, मात्र ती चेक-इनच्या बॅगेत टाका. शाकाहारी मंडळींनी छोटं किचन असलेली खोली घ्यावी आणि येताना वाटेतच मोठ्या दुकानातून तांदूळ, दही, भाजी भरून घ्यावी, जुन्या शहरात शिरल्यावर किराणा लांब पडतो.