सोलापुरात मोगरा: ताण, छाटणी आणि काडीपासून रोप

सोलापूरच्या उन्हाला मोगरा भीत नाही. रोज सहा तास ऊन नसेल तर उलट तोच रुसतो. तो मरतो मुळाशी साचलेल्या पाण्यानं. नुसती काळी माती कुंडीत भरली तर ओली असताना चिखल, वाळली की वीट. म्हणून काळी माती, बारीक लाल मुरूम आणि कुजलेलं शेणखत समप्रमाणात घ्या. कुंडी निदान 12 इंची. चुनखडीचा पांढरट मुरूम नको.

फुलं नव्या फुटीवर येतात, त्यामुळे छाटणी चुकवली की झाड नुसतं माजतं. डिसेंबरच्या मध्यापासून पाणी तोडा, हाच ताण. कुंडीतलं झाड मलूल दिसलं तरच तांब्याभर द्या. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतले पाळणे उतरू लागले, म्हणजे जानेवारी सरता सरता, जमिनीतलं झाड दीड फुटावर आणि कुंडीतलं फूटभर ठेवून छाटा. उरलेली पानंही खुडा. मग दोन ओंजळी शेणखत, मूठभर निंबोळी पेंड आणि सडकून पाणी. मार्चपासून कळ्या लागतात. बहर ओसरला की शेंडे दोन पेरं खाली खुडायचे. युरियाचा मोह टाळा, पानंच वाढतात.

कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, म्हणजे उसासारखाच केवडा, लोहाच्या कमतरतेचा रोग. चुनखडीच्या जमिनीत आणि बोअरच्या जड पाण्यानं लोह असूनही मुळांना मिळत नाही. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि थोडा लिंबाचा रस घालून संध्याकाळी फवारा. जांभळट पडलेल्या, जाळी धरलेल्या कळ्यांत अळी असते. त्या तोडून नष्ट करा. उन्हाळ्यात लाल कोळी आला तर पानांच्या पाठी पाण्यानं धुवा. कोळ्यावर गंधकही फवारतात, पण 35 अंशांपुढे फवारलं तर पानं करपतात.

रोपं करायची ती जून-जुलैत. पेन्सिलीहून बारीक, अर्धवट पिकलेली, 3-4 पेरांची काडी घ्या. खालचा काप पेराच्या लगत तिरका. वरची दोन पानं ठेवा, तीही अर्धी कापून. निम्मी काडी ओलसर वाळूत खोचा, सावलीत ठेवा. काड्या वाया जाऊ द्यायच्या नसतील तर दाब कलम बरं: लोळणाऱ्या फांदीला पेराखाली चीर द्या, शेजारच्या कुंडीत पुरून वर दगड ठेवा, तीन महिन्यांनी तोडा.

काडीला पान फुटलं म्हणजे मूळ सुटलं असं नव्हे. ते काडीतल्या साठ्यावरही फुटतं. दीड महिन्यानं हलकेच ओढून बघा. अडली, तरच कुंडीत हलवा.