शाळेतल्या हेल्थ ट्रायलवर रिसर्च असिस्टंट म्हणून लागलात? मग या चुका टाळा

फिल्डवर ट्रायलची वाट लावणारी माणसं बहुतेक वेळा कामसू आणि प्रेमळ असतात. कुणाला मदत म्हणून, कुणाचा वेळ वाचावा म्हणून, सरांची डेडलाईन आहे म्हणून थोडं थोडं अ‍ॅडजस्ट करतात आणि तिथंच डेटा हातातून जातो. समजा सोलापुरातल्या शाळांमध्ये १२ ते १६ वयाच्या मुलींचा अ‍ॅनिमियाचा ट्रायल आहे, अर्ध्यांना रोजच्या आयर्नच्या गोळ्या आणि अर्ध्यांना नेहमीचंच, आणि तुम्ही त्यात नवीन आहात, तर पुढचं वाचा.

सगळ्यात जास्त घोळ संमतीत होतो. हेडमास्तरांनी लेटरवर शिक्का दिला की परवानगी झाली असं बऱ्याच जणांना वाटतं, पण ती फक्त शाळेत पाऊल टाकायची परवानगी. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या गाइडलाइन्सप्रमाणे १८ च्या खालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते आणि मुलीचा स्वतःचा होकारही लागतो, ७ ते १२ वयात तोंडी आणि १२ च्या पुढे लेखी. आता फॉर्म दप्तरात घालून "उद्या सही आणा गं" म्हणालात की दुसऱ्या दिवशी अख्ख्या वर्गाच्या आईवडिलांच्या सह्या एकाच निळ्या पेनाने आलेल्या असतात, बेंचवर बसून केलेल्या. त्यामुळे घरी जावंच लागतं.

आणि घरी गेल्यावर खरी गंमत. विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली असते, हात थांबत नाही, घरात तेलुगू चालते आणि तुमचा फॉर्म मराठीत. ती म्हणते "कुठं करायची सही सांगा की", आणि तुम्ही बोट दाखवता. झाली चूक! दुसरी चूक म्हणजे त्याच मुलीला "आईला समजावून सांग" म्हणणं. जिला ट्रायलमध्ये घ्यायचंय तीच दुभाषी कशी चालेल, ती नको तेवढं गाळून सांगणारच. टीममध्ये तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारं कुणीतरी असू द्या आणि फॉर्म त्या भाषेत मंजूर करून घ्या. आईला वाचता येत नसेल तर सगळं समजावून सांगताना त्रयस्थ साक्षीदार सुरुवातीपासून समोर बसलेला पाहिजे, मग अंगठा, मग साक्षीदाराची सही. बाहेर गाडीवर फोन बघत बसलेला तुमचा सहकारी त्रयस्थ नाही!

वेळेचंही बघा. नळाला पाणी यायच्या दिवशी त्या गल्लीत जाऊच नका, "मॅडम, पाणी आलंय, नंतर या" एवढंच ऐकायला मिळतं आणि बरोबरच आहे त्यांचं. विड्या मोजून द्यायला बायका बाहेर पडतात ती वेळ पण आधी विचारून ठेवा.

मग पाकिटं. कोण कुठल्या गटात ते बंद पाकिटात असतं, नंबराप्रमाणेच उघडायचं. पण समोर एखादी पोरगी फिकट पडलेली दिसते आणि मन म्हणतं हिला गोळ्यांचा गट मिळू दे, पाकीट उजेडात धरून बघितलं जातं किंवा पुढचं काढलं जातं. असं चार पोरींच्या बाबतीत झालं तरी जास्त अशक्त पोरी एकाच बाजूला गोळा होतात आणि मग शेवटी फरक गोळीमुळे पडला की निवडीमुळे हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून आधी पाकिटावर नंबर, तारीख, सही, मगच उघडायचं. अशक्त मुलीची काळजी वेगळ्या वाटेने घ्या: हिमोग्लोबिन ८ ग्रॅमच्या (दर डेसिलिटरला) खाली म्हणजे तीव्र अ‍ॅनिमिया, गट कुठलाही असो, प्रोटोकॉलप्रमाणे (ट्रायलच्या लेखी नियमांप्रमाणे) त्याच दिवशी डॉक्टरांकडे रेफर.

बोट टोचताना दाबून दाबून रक्त काढू नका, रीडिंग चुकतं. सॅनिटायझर वाळू द्या, पहिले दोन-तीन थेंब पुसा. आणि मे महिन्यात क्युव्हेटचा (मशीनमध्ये रक्ताचा थेंब घालायच्या छोट्या प्लास्टिक पट्ट्यांचा) डबा उघडा ठेवून चहाला जाऊ नका प्लीज.

शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी, म्हणजे ६० मिलीग्रॅम आयर्नची, आणि जंतनाशक दिन, ही नोंद बरेच जण विसरतात. रजिस्टरमध्ये सगळीकडे टिक असते, त्यामुळे मुलीला स्वतः विचारा, गिळली की खिशात ठेवली. आयर्नमुळे काळी शी होते हे घरी आधीच सांगा, नाहीतर तिसऱ्या दिवशी अख्ख्या गल्लीत अफवा आणि गोळ्या बंद.

तंबाखू, मिश्री, पाळी, घरातली मारहाण असले प्रश्न आईसमोर किंवा बाईंसमोर विचारायचे नाहीत. पण "कुणालाच सांगणार नाही" असं वचनही देऊ नका, लैंगिक अत्याचार कळला तर पोक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) कळवावंच लागतं, तेव्हा हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. जिवाचं बरंवाईट करायचं कुणी बोललं तर फॉर्म पूर्ण करत बसू नका, वरिष्ठांना लगेच फोन करा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फाईलवर लिहून ठेवा. फॉर्मचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणाऱ्यांबद्दल काय बोलावं!

खाडाखोड झाली तर एकच आडवी रेघ, बाजूला सही आणि तारीख, व्हाइटनर घरी ठेवा. विचारलंच नाही तो प्रश्न रिकामा सोडून कारण लिहायचं, "एवीतेवी नाहीच म्हणाली असती" म्हणून "नाही" टाकायचं नाही.

फॉलोअपला, म्हणजे पुन्हा भेटायला जाताना, सोलापूरच्या सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा आणि संक्रांतीचा आठवडा टाळा, ऊसतोडीला गेलेली घरं दिवाळीनंतर सापडत नाहीत, म्हणून मामाचा किंवा शेजारच्या काकूंचा एक नंबर जादा घ्या. आणि गोळ्या सोडल्या म्हणून मुलीला यादीतून काढू नका, हे फार जण करतात. जिला जो गट मिळाला त्यातच तिची मोजणी होते, त्यामुळे शेवटचं हिमोग्लोबिन तिचंही लागतं. जा, विचारा का सोडल्या, मळमळ झाली, आजी नको म्हणाली, की डबी शाळेतच विसरली, आणि ती जे सांगेल ते तिच्याच शब्दात लिहा.