गोव्यात नवीन आलात? पहिले तीन महिने बसने फिरा

गोव्यात बदली झाली, घर मिळालं, आता स्कूटर कुठली घेऊ, असं दर महिन्या-दोन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच. पुण्याची, ठाण्याची, सांगलीची आपली माणसं. इथे गाडीशिवाय भागत नाही हे त्यांना कोणीतरी आधीच सांगितलेलं असतं, आणि ते खोटंही नाही. माझं उत्तर मात्र ठरलेलं आहे. गाडी घ्या, पण तीन महिन्यांनी. तोवर बसने फिरा, म्हणजे गोवा ओळखीचा होईल. स्कूटरवरून रस्ते तेवढे कळतात.

मी २०११ मध्ये डोंबिवलीहून आले. खोली म्हापशात, ऑफिस पणजीत पाटोला. अंग लोकलवर वाढलेलं. उतरायच्या दोन स्टेशनं आधी दाराशी जायचं, "कुठे उतरणार?" विचारून चौथी सीट पटकवायची. पहिल्याच सकाळी म्हापसा स्टँडवर मी त्याच सवयीने धक्का देऊन बसमध्ये शिरले. दारातला कंडक्टर बाजूला सरला आणि म्हणाला, "सवकास, बाय." रागावला नव्हता. पडेन म्हणून काळजीने म्हणाला होता. मागे वळून पाहिलं तर माझ्यामागे एकूण चार माणसं होती.

पहिली अडचण येते ती गावांच्या नावांची, आणि ती नीट समजून घ्या. दुसऱ्या आठवड्यात मला डिचोलीला जायचं होतं. पणजीच्या कदंब स्टँडवर पाऊण तास उभी होते. समोरून दोन बस गेल्या. त्यांच्या पाटीवर रोमन लिपीत 'बिचोलिम' होतं आणि कंडक्टर ओरडत होता "दिवचल, दिवचल!" तिन्ही नावं एकाच गावाची असतील असं मनातही आलं नाही. शेजारी अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, घेऊन बसलेल्या एका आजींनी विचारलं, "खंय वता गो?" सांगितल्यावर त्यांनी माझ्या दंडाला धरून तिसऱ्या बसमध्ये बसवलं.

तेव्हा हे ध्यानात ठेवा: रोमन पाट्यांवरची नावं पोर्तुगीज काळातल्या स्पेलिंगची आहेत. शेवटी जो 'एम' दिसतो तो नाकातल्या उच्चारासाठी आहे, तो वाचायचा नसतो. सान्केलिम म्हणजे साखळी, पेर्नेम म्हणजे पेडणे, केपेम म्हणजे केपे, कोर्तालिम म्हणजे कुठ्ठाळी, कुरचोरेम म्हणजे कुडचडे. अंजुना म्हणजे हणजूण, शिओलिम म्हणजे शिवोली, अल्दोना म्हणजे हळदोणे, चोराव म्हणजे चोडण. आपल्याला याचा मोठा फायदा आहे. मराठी नावं गावकऱ्यांच्या तोंडच्या नावांच्या अगदी जवळची असतात. तुम्ही 'हणजूण' म्हणालात की समोरचा माणूस लगेच मोकळा होतो. 'अंजुना' म्हणालात की तो तुम्हाला पर्यटक समजून हिंदीत बोलायला लागतो. महिनाभर हा फरक करून पाहा.

बसचे प्रकार दोन. एक कदंब, म्हणजे सरकारी महामंडळ. ते १९८० चं आहे आणि नाव इथे राज्य केलेल्या कदंब घराण्यावरून आलं आहे. दुसऱ्या खासगी बस, आणि गावोगाव जास्त करून त्याच पोचतात. पणजीहून मडगाव, वास्को, म्हापसा या मार्गांवर कदंबची शटल आहे. तिचं तिकीट स्टँडवरच रांगेत उभं राहून काढायचं, मग चढायचं. मध्ये थांबत नाही. रोज मडगावला जाणार असाल तर हीच धरा आणि पास काढा.

खासगी बसची रीत वेगळी. तिकिटाचा कागद हातात पडेलच असं नाही. कंडक्टर नोटा उभ्या दुमडून बोटांच्या फटीत धरतो, दहाच्या एका फटीत, वीसच्या दुसऱ्या. सुटे पैसे तळहातात. कोण कुठे चढलं, कोणाचे पाच रुपये परत द्यायचे आहेत, हे त्याच्या डोक्यात असतं. पर्वरीला राहिलेले माझे पाच रुपये पुलावर पोचल्यावर आठवणीने परत आलेले मी कितीदा पाहिले आहेत. तुम्ही मात्र पाचशेची नोट काढू नका. सकाळी साडेआठला भरलेल्या बसमध्ये त्या माणसाला ते फार अडचणीचं होतं.

गर्दीत उभ्या असलात आणि बसलेल्या बाईने हात पुढे केला तर घाबरू नका, ती तुमची पिशवी मांडीवर घ्यायला मागते आहे. द्या. शाळेच्या वेळी एकेकीच्या मांडीवर तीन तीन दप्तरं असतात. म्हापसा सोडताना बोडगेश्वराच्या देवळाकडे पाहून निम्मी बस हात जोडते. पुढे वाटेत क्रॉस आला की दुसरी माणसं छातीवर खूण करतात. ड्रायव्हरच्या समोर कोणाचा गणपती, कोणाची सायबीण, म्हणजे मेरी माता, ताज्या फुलांसकट. काही बसना नावं असतात आणि गावातले लोक गाडी त्या नावानेच ओळखतात. तुमच्या वाटेवरच्या बसचं नाव पाठ करून ठेवा, वेळापत्रकापेक्षा ते उपयोगी पडतं.

बोलण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण आपली माणसं इथेच चुकतात. मराठी इथे सगळीकडे समजते. मराठी वर्तमानपत्रं घरोघर येतात, गावोगावच्या जत्रेत मराठी नाटकं होतात. म्हणून कोकणी शिकायची गरज नाही असं कृपा करून समजू नका. आणि "कोकणी म्हणजे मराठीचीच बोली" हे वाक्य बसमध्ये, ऑफिसात, शेजारी, कुठेही बोलू नका. १६ जानेवारी १९६७ ला इथे सार्वमत झालं आणि महाराष्ट्रात विलीन न होण्याचा कौल लोकांनी दिला. १९८७ च्या कायद्याने कोकणी राजभाषा झाली, मराठीलाही सरकारी कामकाजात स्थान मिळालं. १९९२ मध्ये कोकणी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. ही सगळी लढाई पाहिलेली माणसं तुमच्या शेजारच्या सीटवर बसलेली असतात. आपल्या एका वाक्याने त्यांना काय लागतं हे मी एकदा समोरच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. वाक्य माझंच होतं.

दहा शब्दांनी सुरुवात होते. 'राव' म्हणजे थांब, 'रावय' म्हणजे थांबव, 'वच' म्हणजे जा. 'मुखार सर' ऐकलंत की पुढे सरका. उतरणं म्हणजे 'देंवप', "खंय देंवतली?" असं विचारलं तर फक्त गावाचं नाव सांगा. उतरताना "देव बरें करूं" म्हणा, आभार मानायची इथली रीत ती आहे.

आता वेळा. मुंबईत शेवटची लोकल मध्यरात्रीनंतर असते, त्या हिशेबाने इथे राहू नका. मुख्य मार्ग सोडले तर आठनंतर बस मिळेलच असं धरू नये, आणि आतल्या गावांची शेवटची बस बरेचदा सहा-सातलाच निघते. दुपारी एक ते चार दुकानं मिटतात, तेव्हा बसही विरळ होतात. रविवारी तर आणखी कमी. चवथीला, म्हणजे गणपतीत, सगळा गोवा आपापल्या मूळ घरी गेलेला असतो; त्या दिवसांत बसच्या भरवशावर बेत आखू नका. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त, म्हणजे चर्चचा उत्सव असतो, त्या दिवशी रायबंदरच्या वाटेवर जास्तीचा वेळ हाताशी ठेवा.

एरवी मात्र त्या वाटेने एकदा मुद्दाम जा. पणजी ते रायबंदर हा बांध १६३३-३४ मधला, जवळपास तीन किलोमीटरचा. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला मिठागरं आणि खारफुटी. पावसाळ्यात पाणी दोन्हीकडून चढलेलं असतं आणि बस पाण्यातूनच चालल्यासारखी वाटते. रायबंदरला उतरून चोडणची फेरीबोट घ्या. साध्या बोटीत पायी जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत. धक्क्याला लागताना पुढचं लोखंडी फळकूट खरखरत खाली येतं, आधी स्कूटरी निघतात, मग माणसं, आणि शेवटच्या माणसाचा पाय निघतो न निघतो तोच पलीकडची माणसं आत येतात. पलीकडे सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. म्हातारी माणसं या बोटीला अजून 'गॅसोलीन' म्हणतात. १९८६ च्या जुलैमध्ये मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला, तेव्हा पणजी आणि बेतीमधली माणसं फेरीबोटींनीच वाहिली. त्या दिवसांबद्दल कोणी सांगायला लागलं तर थांबून ऐका.

बाकीचं थोडक्यात. पणजीला रेल्वे स्टेशन नाही, जवळचं करमळी. म्हापशाला राहत असाल तर पाहुण्यांना थिवीचं तिकीट काढायला सांगा, मडगावचं नको. विमानतळ दोन आहेत, दाबोळी आणि जानेवारी २०२३ पासून मोपा. तिकिटावर कुठला आहे ते नीट वाचा, दोघांत अर्ध्या गोव्याचं अंतर आहे. ओला-उबर इथे नाहीत, गोवामाइल्स हे ॲप २०१८ पासून आहे. टॅक्सीचं आणि पायलटचं भाडं बसायच्या आधी ठरवा. पायलट म्हणजे पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल-टॅक्सी, एकट्या माणसाला फार सोयीची.

पहिल्या शुक्रवारी मात्र सुट्टी काढून म्हापशाच्या बाजाराला बसने या. आठच्या आत पोचा, नंतर उभं राहायलाही जागा नसते. हळदोण्याची मिरची आणि मयड्याची केळी घ्या. परतताना पिशवी जड असेल, तेव्हा ड्रायव्हरच्या मागची सीट धरा आणि चढतानाच कंडक्टरला विचारून ठेवा: "निमणी बस केन्ना?" म्हणजे, शेवटची बस कधी?