वाढं संपायच्या आत वैरणीची बेगमी

ऊसतोडीच्या टोळ्या परतीला लागल्या की कराड, वाळव्याकडच्या गोठ्यांत एकदम चणचण भासते, कारण तोवर वाढ्यावर, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांवर, भागलेलं असतं. माण, आटपाडी, जतकडं भिस्त कडब्यावरच. त्यात सरकी पेंड आणि गोळी पेंडीचे भाव काही दुधाचा दर बघून वाढत नाहीत! पण पेंड कमी करण्याआधी गव्हाण बघा.

कडब्याची अख्खी पेंडी टाकली की जनावर पाला ओरबाडून खातं आणि धाटं पायाखाली जातात. एकदा सकाळी आम्ही दोन गायींपुढची उष्टी धाटं तोलली, तर ती तीन किलो भरली. तीन महिन्यांचा हिशेब केला तर पावणेतीन क्विंटल कडबा शेणात! कुट्टी इंचाच्या आत बारीक करा. यंत्र नसेल तर भावकीत चौघांनी मिळून भाड्यानं आणा.

कडबा आत्ताच, शाळू (रब्बी ज्वारी) निघतोय तोवर भरा. शेकड्याचा भाव ठरवण्याआधी चार-पाच पेंड्या तोलून बघा, कारण पेंडी बारीक असेल तर स्वस्त शेकडाही महागात पडतो. भिजून काळा पडलेला, कुबट वासाचा कडबा फुकट मिळाला तरी नको.

वाढं मिळतंय तोवर घाला, पण नुसत्या वाढ्यावर जनावर ठेवू नका. त्यातलं ऑक्झॅलेट अंगातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. सोबत कडबा आणि मोठ्या जनावराला रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण द्या. खर्च वाचवायचा म्हणून पहिल्यांदा हेच बंद होतं, आणि मग गाय उलटते, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर येते, म्हणून डॉक्टरांच्या चकरा सुरू.

पाणी असेल त्यांनी मक्याचा मुरघास, म्हणजे हवाबंद करून मुरवलेला हिरवा चारा, करावा. दाणा चिकात असताना कापा, कुट्टी करून पिशवीत थर-थर तुडवा. हवा राहिली की बुरशी आलीच. साधारण 45 दिवसांनी तयार होतो. दोन गायींना रोज दहा-दहा किलो धरले तर एक टन 50 दिवस पुरतो. पिशवीला उंदरानं भोक पाडलंय का, हे दर आठवड्याला बघा आणि दिसलं की लगेच चिकटपट्टी लावा. बुरशीचा भाग काढून टाका, जनावराला घालू नका.

पेंड कमी करायचीच तर आठ-दहा दिवसांत हळूहळू करा. दुभत्या गायीला पोषणासाठी एक-दीड किलो आणि वर लिटरमागे 400 ग्रॅम, हा अंदाज धरून चाला. भाकड आणि दुभती एकाच घमेल्यानं मोजू नका.

आणि टंचाईत जनावर काहीही खातं, म्हणून एक जपा. शाळू कापल्यावर खोडव्याला, म्हणजे राहिलेल्या बुडख्याला, आलेली कोवळी, पाण्यावाचून सुकलेली फूट विषारी असते. तिथं जनावर मोकळं सोडू नका. खाऊन धापा टाकायला लागलं, तोल जायला लागला, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता लगेच डॉक्टरांना बोलवा.