तारांकित प्रश्न असा लिहा, की 'प्रश्न उद्भवत नाही' म्हणता येणार नाही

विधानसभेच्या तारांकित प्रश्नाचा, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाचा साचा ठरलेला आहे. 'सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय' अशी सुरुवात आणि मग चार खंड. अमुक झाले हे खरे आहे काय. असल्यास, चौकशी केली आहे काय. असल्यास, चौकशीत काय आढळून आले व कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? मी एका आमदारांची स्वीय सहायक आहे, अधिवेशनाच्या तोंडावर असे मसुदे लिहिणं हे माझं काम. या कामाला नव्याने लागलेल्या पोरांना मी आधी हेच सांगते, की हा साचा उत्तर देणाऱ्याच्या सोयीचा आहे.

कसा ते बघा. समजा, तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या रुग्णवाहिका धूळ खात पडल्यात आणि तुम्ही लिहिलंत, 'सर्व रुग्णवाहिका बंद असल्याने रुग्णांचे हाल होत आहेत, हे खरे आहे काय?' त्यातली एक जरी चालू असली, तरी पहिल्या खंडाला उत्तर येतं, 'हे खरे नाही.' खाली उरलेल्या तिन्ही खंडांपुढे 'प्रश्न उद्भवत नाही.' कुणी खोटं बोललेलं नसतं. 'सर्व' हा शब्द तुम्हीच हातात दिलेला असतो.

म्हणून मसुदा लिहिताना मंत्री डोळ्यांसमोर आणू नका, कक्ष अधिकारी आणा. प्रश्न विधानमंडळ सचिवालयातून विभागाकडे जातो, तिथून कार्यासनाकडे (तो विषय हाताळणाऱ्या टेबलाकडे), मग संचालनालय, जिल्हा आणि शेवटी तालुक्यातल्या त्या अधिकाऱ्याकडे, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे. माहिती त्याच वाटेने वर येते. वाटेतला प्रत्येक माणूस कमीत कमी कबूल करावं लागेल असं वाक्य शोधत असतो, आणि त्यात गैर काही नाही, नोकरी आहे त्याची. आपण त्याला असं विचारायचं, की रजिस्टर उघडल्याशिवाय उत्तर लिहिताच येऊ नये.

तोच प्रश्न मी असा लिहीन :

(१) तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या एक वा अधिक रुग्णवाहिका माहे जून २०२४ वा त्या सुमारास नादुरुस्त असल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय,
(२) असल्यास, प्रत्येक वाहन कोणत्या दिनांकापासून बंद आहे व दुरुस्तीचा प्रस्ताव कोणत्या दिनांकास कोणाकडे सादर करण्यात आला,
(३) सन २०२४-२५ मध्ये वाहन दुरुस्ती व इंधनाकरिता किती तरतूद होती, त्यापैकी किती निधी वितरित झाला व किती खर्च झाला,
(४) प्रस्ताव सद्यःस्थितीत कोणत्या स्तरावर प्रलंबित आहे व दुरुस्ती केव्हापर्यंत पूर्ण करण्यात येणार आहे?

'एक वा अधिक' आणि 'वा त्या सुमारास' हे दोन तुकडे म्हणजे सगळा जीव. आणि तिसरा खंड मुद्दाम 'असल्यास'शिवाय ठेवलाय. पहिल्याला नकार आला तरी तरतुदीचे आकडे द्यावेच लागतात. विशेषणं मात्र काढून टाका. 'अक्षम्य दुर्लक्ष', 'संतापजनक' वगैरे लिहिलंत तर सचिवालय कात्री लावतं किंवा प्रश्नच अमान्य होतो. प्रश्नात आरोप, तर्क, उपरोध चालत नाही. न्यायप्रविष्ट बाबही नको.

विभाग चुकला तर प्रश्न इकडून तिकडे हस्तांतरित होण्यात अधिवेशन संपतं. रस्त्यांच्या बाबतीत तर हे हमखास होतं. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकामकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, म्हणजे ग्रामविकासकडे. खड्डा सारखाच दिसतो, पण आधी रस्त्याचा दर्जा विचारून घ्या.

आता पैशांचं. इथे बहुतेक प्रश्न ढिले पडतात. 'किती निधी दिला' असं विचारलंत की उत्तरात तरतुदीचा आकडा येतो, कारण तोच सगळ्यात मोठा असतो. तरतूद, वितरित निधी आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन आकडे वेगळे मागायचे. शक्य असेल तर चौथाही, वर्षअखेरीस समर्पित केलेला, म्हणजे न वापरता परत केलेला निधी. खर्च महिनावार मागा, निदान 'फेब्रुवारीअखेर किती आणि मार्चमध्ये किती' एवढं तरी. वर्षभर कोरडं गेलेलं काम मार्चमध्ये एकदम शंभर टक्के दिसलं, की उपप्रश्न, म्हणजे उत्तरावर सभागृहात विचारायचा पुढचा प्रश्न, आपोआप तयार होतो. पैसे खरंच कामावर गेले की नुसते दुसऱ्या खात्यात वर्ग झाले, आणि उपयोगिता प्रमाणपत्र आलं का?

अर्थसंकल्पाची पुस्तकं जाड असतात, पण सगळी वाचायची नसतात. लेखाशीर्षाचे, म्हणजे खर्चाच्या बाबीला दिलेल्या सांकेतिक क्रमांकाचे, पहिले चार अंक ओळखता आले तरी पुष्कळ. २ आणि ३ ने सुरू होणारी शीर्षं महसुली खर्चाची, ४ आणि ५ ने सुरू होणारी भांडवली. आरोग्याचा चालू खर्च, म्हणजे पगार, औषधं वगैरे, २२१० खाली. इमारतीचं बांधकाम ४२१० खाली. ग्रामीण रुग्णालयाची नवीकोरी इमारत उभी आहे आणि आत कुलूप, हे दृश्य तुम्ही पाहिलं असेलच. तिथे 'इमारतीवर किती खर्च' विचारून मंत्र्यांना फीत कापल्याची आठवण करून देऊ नका. पदनिर्मितीला मंजुरी कधी मिळाली, किती पदं भरली आणि २२१० खाली त्या रुग्णालयासाठी काय ठेवलंय ते विचारा. वितरण आणि खर्चाचे आकडे शासनाच्या बीम्स या निधीवाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवरही असतात. आधी तिथे बघून ठेवा, मग उत्तराशी ताडून पाहता येतं.

एक सावधगिरी. ठेकेदार किंवा त्याचा प्रतिस्पर्धी कधीकधी आयता टाइप केलेला मसुदा आणून देतो, आकडे तयार, फक्त सही हवी. माहिती खरी असली तरी तो कागद जशाच्या तसा पुढे जाऊ देऊ नका. प्रश्नासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात डिसेंबर २००५ मध्ये ११ खासदारांचं सदस्यत्व गेलं होतं.

आपला पक्ष सत्तेत आहे म्हणून प्रश्न विचारायचा नाही, असंही काही नसतं. मुंदडा प्रकरणात, म्हणजे उद्योगपती हरिदास मुंदडांच्या कंपन्यांतल्या एलआयसीच्या गुंतवणुकीवर, डिसेंबर १९५७ मध्ये लोकसभेत सरकारला घेरलं ते फिरोज गांधींनी, आणि ते काँग्रेसचेच खासदार होते. त्यानंतर न्यायमूर्ती छागलांची चौकशी झाली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना पायउतार व्हावं लागलं.

प्रश्न यादीत वर आला आणि पुकारला गेला, तर छापील उत्तर आमदारांच्या हातात असतं. आमचे साहेब भाषणाला उभे राहतात, म्हणून मी त्यांच्या कागदावर उपप्रश्न एकाच ओळीत लिहून देते, मोठ्या अक्षरात. उत्तरात 'दुरुस्तीची कार्यवाही सुरू आहे' असं असेल तर उपप्रश्न एवढाच : 'अध्यक्ष महोदय, कार्यारंभ आदेशाची तारीख काय?' आदेशच नसेल तर मागच्या गॅलरीतून चिठ्ठ्यांची धावपळ सुरू होते, ती बघण्यासारखी असते. प्रास्ताविक केलंत की मंत्र्यांना विचार करायला वेळ मिळतो आणि अध्यक्ष 'प्रश्न विचारा, प्रश्न' म्हणून बसवतात.

पुकारला गेला नाही तरी लेखी उत्तर पटलावर जातं. ते अर्धवट वाटलं तर अर्धा तास चर्चेची सूचना देता येते. नुसती आकडेवारी हवी असेल आणि सभागृहात बोलायचं नसेल, तर मुळातच अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तराचा प्रश्न टाकावा. तिथे तक्ते मागायला संकोच करू नका.

सभागृहात मंत्री जे बोलले ते कार्यवाहीच्या प्रतीवरून शब्दशः उतरवून घ्या, वर्तमानपत्रातल्या बातमीवरून नको. 'तपासून पाहू' आणि 'तीन महिन्यांत करू' यांत फरक आहे. दुसरं आश्वासन ठरतं आणि ते आश्वासन समितीसमोर, म्हणजे मंत्र्यांनी दिलेले शब्द पाळले का ते बघणाऱ्या आमदारांच्या समितीसमोर नेता येतं. त्याच दिवशी प्रश्नाचा क्रमांक, दिनांक आणि ते वाक्य लिहून विभागाच्या सचिवांना आमदारांच्या सहीचं पत्र पाठवायचं, आवक क्रमांकाचा शिक्का घ्यायचा आणि पुढच्या अधिवेशनाच्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावून ठेवायचं.