छोट्या पक्षात उमेदवारी खरी कुठं ठरते: प्रतिनिधी निवडीपासून बी फॉर्मपर्यंतचा अनुभव

गेल्या दोन महिन्यांत तीन-चार पोरांनी मला जवळपास एकच गोष्ट विचारली, दादा आम्ही छोट्या पक्षात काम सुरू केलंय, पुढं तिकीट कसं ठरतं, कुणाला भेटायचं. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगत बसलो, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढूया. मी कोल्हापूर जिल्ह्यात एका नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या, म्हणजे निवडणूक आयोगाकडं नोंद आहे पण स्वतःचं राखीव चिन्ह नाही अशा पक्षाचं काम नऊ वर्षं करतोय. पक्षाचं आणि मतदारसंघाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माणसं अजून त्याच घरात आहेत आणि मला भांडण उकरून काढायचं नाही. पण २०२४ च्या विधानसभेला जे झालं ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

मुद्दा एकच आहे, बाकी सगळं त्याच्याभोवती. तुमच्या तालुक्यातनं राज्य अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून कोण जातो, उमेदवारी तिथंच ठरायला लागते. हे प्रतिनिधी राज्य कमिटी निवडतात, राज्य कमिटीतनं पदाधिकारी होतात, आणि त्यातल्या ज्याला सहीचा अधिकार दिलेला असतो त्याच्याच सहीनं तुमचा माणूस पक्षाचा उमेदवार होतो. म्हणजे सहीचा रस्ता तुमच्या गावातल्या सभासद पावतीपुस्तकापासून निघतो.

आपल्या जिल्ह्यात हे कुणाला समजावून सांगायला लागू नये खरं तर. गोकुळची, म्हणजे जिल्हा दूध संघाची निवडणूक लागली की गावातल्या दूध संस्थेचा ठराव, म्हणजे संस्थेच्या वतीनं मत द्यायचा हक्क, कुणाच्या नावावर झाला यावरनं सख्खे भाऊ बोलायचे बंद होतात. ठरावधारकाला कोण भेटलं, कोण सहलीला घेऊन गेलं, सगळं गावाला पाठ असतं. जिल्हा बँकेला सेवा सोसायटीच्या ठरावाचं पण तसंच. कारण सगळ्यांना माहिती असतं की संचालक कोण होणार ते ठरावधारकांच्या हातात आहे. आणि त्याच गावातली पोरं पक्षात आली की अधिवेशनाचा प्रतिनिधी म्हणजे दोन दिवस बाहेरगावी जाऊन बिल्ला लावून येणारा माणूस असं धरून चालतात. मीही तसंच धरलं होतं, आणि तिथंच फसलो.

उमेदवार कसा निवडायचा हे आपल्याकडं कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातलं कलम २९ अ आहे ते पक्षाच्या नोंदणीचं. नोंदणीला किमान शंभर सभासद लागतात, पक्षाची घटना द्यावी लागते, पदाधिकाऱ्यांच्या निवडणुका ठराविक मुदतीत घेऊ असं त्यात लिहावं लागतं, बस्स. तिकीट कुणाला द्यायचं यात आयोग पडत नाही. त्यामुळं तुमच्या पक्षाची घटना हाच तुमचा कायदा. ती पुस्तिका मागून घ्या, जिल्हा ऑफिसच्या कपाटात पडलेली असते, आणि एकदा शांतपणे वाचा. आमच्यात दर पन्नास सभासदांमागं तालुका अधिवेशनाला एक प्रतिनिधी, मग तालुक्यातनं जिल्ह्याला आणि जिल्ह्यातनं राज्याला अशी उतरंड आहे. पावत्यांच्या स्थळप्रती आणि वर्गणीचे पैसे ठरलेल्या तारखेच्या आत जिल्ह्याला पोचले तरच ते सभासद मोजतात. तुम्ही दोनशे पावत्या फाडल्या आणि पुस्तकं घरात राहिली तर तुमचे सभासद शून्य. हे लक्षात ठेवा, तारीख गेल्यावर कितीही भांडलात तरी उपयोग नसतो.

आता माझी गोष्ट. आमचं तालुका अधिवेशन २०२३ च्या डिसेंबरात झालं, ऐन ऊसतोडीच्या दिवसात. निम्मी माणसं फडात, उरलेली गुऱ्हाळावर, हॉलमध्ये जेमतेम साठ जण. राज्य अधिवेशन नाशिकला होतं आणि आमच्या वाट्याला दोन प्रतिनिधी होते. कोण जाणार विचारल्यावर सगळे एकमेकांकडं बघायला लागले, कुणाची टोळी आली होती, कुणाच्या घरात लग्न होतं. शेवटी एकाची सासुरवाडी नाशिकची म्हणून त्याचं नाव लिहिलं आणि दुसरा त्याच्या सोबतीला म्हणून दिला. नावं मीच लिहिली, वहीत, माझ्या हातानं. मला अधिवेशनापेक्षा उमेदवाराची घाई होती. आमच्या अक्का, म्हणजे तीस वर्षं दूध संस्था आणि बचत गट चालवलेली बाई, त्यांना उभं करायचं हे आम्ही मनात पक्कं केलं होतं आणि वाटत होतं की जिल्हा कमिटीनं ठराव केला की झालं.

नाशिकच्या अधिवेशनात सरचिटणीस बदलले. नुसते सरचिटणीस बदलले असं नाही, उमेदवारीच्या फॉर्मवर सही करायचा अधिकार पण जुन्या सरचिटणीसांकडनं नव्यांकडं गेला, तसा ठराव झाला. आमचे दोघं तिथं होते, त्यांनी हात वर केले, परत आले. मी विचारलं काय झालं, ते म्हणाले नवीन सरचिटणीस आले, माणूस चांगला आहे. मी पुढं काही विचारलंच नाही. ठरावाची प्रत मागितली नाही, सहीचं काय झालं विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यांना सांगता आलं असतं का माहिती नाही, कारण काय बघून यायचं हे आम्ही त्यांना सांगितलंच नव्हतं.

इथं थांबून ए आणि बी फॉर्मचं नीट सांगतो, कारण एबी फॉर्म एबी फॉर्म सगळे म्हणतात पण ते दोन वेगळे कागद आहेत हे नव्या माणसाच्या डोक्यात बसत नाही. ए फॉर्ममध्ये पक्ष आयोगाला कळवतो की आमच्या उमेदवारांची नावं कळवायचा अधिकार अमुक माणसाला दिलाय आणि ही त्याची नमुना सही. हा कागद राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांना जातो आणि तुमच्या मतदारसंघाच्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनाही जातो. बी फॉर्म म्हणजे त्या माणसानं दिलेलं पत्र, की या मतदारसंघात आमचा उमेदवार ही व्यक्ती, आणि हिचा अर्ज बाद झाला किंवा हिनं माघार घेतली तर पर्यायी उमेदवार ही. दोन्ही कागद अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत पोचायला लागतात. सही शाईची पाहिजे. रबरी शिक्का चालत नाही, फॅक्स चालत नाही, झेरॉक्स नाही, मोबाईलवरचा फोटो नाही. आणि बी वरची सही ए मधल्या माणसाचीच पाहिजे. तुमच्या जिल्हाध्यक्षांनी लेटरहेडवर दिलेलं पत्र ही फक्त शिफारस आहे, त्या पत्राला कचेरीत काहीही किंमत नाही. मी ते पत्र लॅमिनेट करून ठेवलं होतं.

२०२४ ला अर्ज भरायची मुदत २२ ते २९ ऑक्टोबर होती, मध्ये शनिवार-रविवार आले. आमचा बी फॉर्म मुंबईहून यायचा होता, तो आज येतो उद्या येतो करत शेवटच्या दिवशी सकाळी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं एक कार्यकर्ता घेऊन आला. शर्टाच्या आत पाकीट धरून बसला होता रात्रभर, झोपला नव्हता पोरगा. धनत्रयोदशी होती त्या दिवशी. अक्का नवी इरकल नेसून आल्या होत्या, देवाला नारळ ठेवून. आम्ही साडेबाराला आत गेलो. अधिकाऱ्यांनी पक्षाकडनं आधी आलेला ए फॉर्म फाईलमधनं काढला, आमचा बी फॉर्म त्याच्या शेजारी ठेवला आणि दोन्हीवर बोट ठेवलं. ए मध्ये जुन्या सरचिटणीसांचं नाव आणि सही. बी वर नव्यांची.

मी म्हणालो साहेब, हेच आता आमचे सरचिटणीस आहेत. ते म्हणाले असतील, मला ए मधलं नाव लागतं. त्यांचं बरोबर होतं. पक्षाच्या ऑफिसात कुणीतरी मागच्या निवडणुकीचा ए फॉर्म समोर ठेवून तसाच नवा टाईप केला होता, आणि अधिवेशनाचा ठराव कुणी बघितला नव्हता. जुने सरचिटणीस लातूरला होते. त्यांना फोन केला, माणूस साधा, म्हणाले मी आत्ता सही करतो, पण लातूरहून शाईची सही तीनच्या आत कोल्हापूर जिल्ह्यात कशी आणणार. नवा ए फॉर्म करायचा तर तो मुंबईत. पावणेतीनला मी कचेरीच्या जिन्यात उभा होतो आणि खाली अक्का बायकांबरोबर बसल्या होत्या, त्यांना काय सांगायचं ते सुचत नव्हतं.

अर्ज वाचला तो सूचकांमुळं, म्हणजे अर्जावर उमेदवाराचं नाव सुचवून सही करणाऱ्या मतदारांमुळं. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, आपल्यासारख्या नोंदणीकृत पक्षाच्या उमेदवाराला अपक्षासारखेच दहा लागतात, आणि ते आम्ही दिले होते. म्हणून छाननीत अर्ज राहिला, पण अक्का अपक्ष झाल्या. मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार एका सूचकावर असता आणि बी फॉर्म असा पडला असता तर अर्जच गेला असता.

चिन्हाच्या वेळी दुसरा फटका. अर्जात तीन चिन्हं पसंतीनं लिहायची असतात. आम्ही पहिलं शिलाई मशीन लिहिलं होतं, अक्कांच्या बचत गटाच्या बायकांनी त्यावरच गाव उभं केलंय म्हणून. तेच चिन्ह दुसऱ्या एका नोंदणीकृत पक्षाच्या उमेदवारानं मागितलं, आणि मुक्त चिन्हांत, म्हणजे कुठल्याच पक्षाला राखीव नसलेल्या चिन्हांत, नोंदणीकृत पक्षाच्या उमेदवाराला अपक्षाच्या आधी मिळतं. बी फॉर्म नीट असता तर निदान चिठ्ठी तरी पडली असती. उमेदवारांच्या यादीत पण आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत पक्ष आणि शेवटी अपक्ष असा क्रम असतो, अक्का खाली गेल्या. प्रचाराला दोन आठवडे, त्यात प्रत्येक दारात आधी हे सांगायचं की आम्ही त्याच पक्षाचे आहोत. डिपॉझिट गेलं. दहा हजार रुपये बचत गटाच्या बायकांनी गोळा केले होते. वैध मतांच्या एक षष्ठांशपेक्षा जास्त मतं पडली नाहीत की अनामत जाते, हे तुम्हाला माहितीच आहे.

म्हणून कळकळीनं सांगतो, अधिवेशनाला जो माणूस पाठवाल त्याला तीन गोष्टी विचारून यायला सांगा. बी फॉर्मवर सही कुणाची, तसा ठराव कुठल्या तारखेचा, आणि आयोगाकडं पदाधिकारी बदलल्याचं कळवलं का. ठरावाची प्रत घेऊनच या म्हणावं. आणि निवडणूक लागली की ए आणि बी दोन्हीचे फोटो व्हॉट्सअॅपवर आधी मागवून शेजारी शेजारी ठेवून बघा. फोटो कचेरीत चालत नाही पण चूक पकडायला चालतो. आमचा कागद २५ तारखेला आला असता तर हातात चार दिवस होते.

बाकीच्या गोष्टी पटापट सांगतो, त्या अवघड नाहीत. सूचक त्याच मतदारसंघातले मतदार पाहिजेत, भाग क्रमांक आणि अनुक्रमांक ताज्या यादीतनं घ्या, दहातला एक चुकला तर अर्ज गेला, म्हणून वेगळे दहा जण घेऊन दुसरा सेट भरा, चार सेटपर्यंत चालतात. अंगठा असेल तर तो अधिकाऱ्यासमोर लागतो, आजीला घरी अंगठा लावून आणू नका. नमुना २६ च्या शपथपत्रात एकही रकाना मोकळा सोडू नका, नसेल तिथं निरंक लिहा. निवडणूक खर्चाचं बँक खातं अर्जाच्या निदान एक दिवस आधी काढा. उमेदवाराची शपथ छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत झाली पाहिजे, अर्ज दिल्या दिल्या तिथंच उरकून टाका. आणि आपल्याकडं ऊस आंदोलनात, टोल आंदोलनात ज्याच्यावर केस नाही असा कार्यकर्ता शोधून सापडत नाही, तर त्या केसेस लपवू नका. सुप्रीम कोर्टाच्या २०२० आणि २०२१ च्या आदेशांप्रमाणं केस असलेला माणूस का निवडला हे पक्षाला निवड झाल्यापासून ४८ तासांत जाहीर करायला लागतं, आणि निवडून येईल एवढंच कारण चालत नाही. रास्ता रोकोची केस आहे असं सरळ लिहा, त्यात लाज कसली.

एक माझं ठाम मत. तू फक्त गावं फिर, कागदाचं मी बघतो, असं म्हणणाऱ्या ज्येष्ठाचा मान ठेवा पण कागद स्वतः बघा. आमचे तात्या असंच म्हणायचे, मला त्यांच्याबद्दल आजही आदर आहे, मला राजकारणात बोलायला त्यांनी शिकवलं, पण शेवटच्या आठवड्यात त्यांनी मुंबईला एकदाही फोन केला नव्हता आणि मी त्यांना विचारायला बिचकलो. आणि मुंबईत आपली ओळख आहे, आयत्या वेळी फॉर्म आणतो म्हणणाऱ्यांच्या नादाला तर अजिबात लागू नका. असा आणलेला फॉर्म तालुक्यातल्या प्रत्येक कार्यकर्त्याच्या मनात बसतो आणि पुढची पाच वर्षं कुणी झेंडा धरत नाही. पक्ष जिवंत आहे का ते पण बघा, आयोगानं ऑगस्ट २०२५ मध्ये ३३४ पक्ष यादीतनं काढले, सहा वर्षांत एकही निवडणूक न लढवल्यानं.

एवढं वाचून घाबरू नका मात्र. मोठ्या पक्षात तुमच्या तालुक्याचा आवाज वरपर्यंत जायला आयुष्य जातं, इथं दोन प्रतिनिधी नीट पाठवले तर राज्याच्या सरचिटणीसांना तुमच्या तालुक्याचं नाव तोंडपाठ होतं. शेकापचा लाल बावटा या जिल्ह्यानं पिढ्यान् पिढ्या बघितलाय, आणि २००९ ला हातकणंगल्यातनं राजू शेट्टी स्वाभिमानी पक्षाकडनं लोकसभेत गेले ते ऊसवाल्यांच्या चळवळीच्या जिवावर. छोटा पक्ष म्हणून कुणी हसलं तर हसू द्या.

अक्का माझ्यावर रागावल्या नाहीत. निकालानंतर आठ दिवसांनी दूध घालायला आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, पोरा, पुढच्या अधिवेशनाला मीच जाते, काय विचारायचं ते लिहून दे. आता आमची सभासद नोंदणी चालू आहे. प्रतिनिधी म्हणून अक्कांचं नाव आलंय, दुसरं माझं. तीन शाखांची पावतीपुस्तकं अजून यायची आहेत, रविवारी सकाळी दोघं मोटारसायकलवरनं ती गोळा करायला निघणार आहोत.