दोन इंटरनेट लाइन, एक राउटर : पहिली बंद पडताच दुसरी आपोआप सुरू कशी व्हावी

ऑफिसात दोन कंपन्यांचं इंटरनेट असतं, तरी पहिली लाइन गेली की कुणीतरी उठून केबल बदलतं. हे काम राउटरकडे सोपवता येतं. पुढची मांडणी मायक्रोटिक कंपनीच्या हेक्स राउटरसाठी आणि त्यावर चालणाऱ्या राउटरओएस या प्रणालीच्या ७व्या आवृत्तीसाठी आहे.

आधी तारा बघा. दोन्ही कंपन्यांच्या केबल एकाच खांबावरून येत असतील, तर एकच जेसीबी दोन्ही तोडतो. शक्य असेल तर दुसरी लाइन बिनतारी घ्या. राउटर आणि दोन्ही मोडेम यूपीएसवर ठेवा. राउटर चालू आणि मोडेम बंद, असं फार ठिकाणी दिसतं.

आयपी पत्ते वेगळे करा. दोन्ही मोडेमचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो. तसेच जोडले तर राउटरला कोणता कुठला ते कळत नाही. दुसऱ्या मोडेममध्ये जाऊन त्याचा पत्ता १९२.१६८.२.१ करा. आता पहिला मोडेम पोर्ट १ला लावा आणि दुसरा पोर्ट २ला. पोर्ट २ मुळात आतल्या नेटवर्कच्या ब्रिजमध्ये (आतले पोर्ट एकत्र जोडणाऱ्या गटात) असतो, तिथून तो काढा आणि ‘वॅन’ या बाहेरच्या लाइनच्या इंटरफेस यादीत घाला. ही पायरी विसरली तर त्या पोर्टवर नॅट (आतल्या पत्त्यांऐवजी बाहेरचा पत्ता लावणं) होत नाही. शिवाय बाहेरून आत येणारी वाहतूक अडवणारा फायरवॉलचा नियमही याच यादीवर चालतो.

दोन्ही पोर्टवर डीएचसीपी क्लायंट (मोडेमकडून आपोआप पत्ता घेणारी सोय) लावा, पण ‘ॲड डिफॉल्ट राउट’ला ‘नो’ द्या आणि ‘यूज पीअर डीएनएस’ची खूण काढा. कंपनीचा डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा सर्व्हर) पुष्कळदा फक्त तिच्याच ग्राहकांना उत्तर देतो. लाइन बदलली की ‘नेट आहे पण साइट उघडत नाही’ ही तक्रार येते, ती यामुळे. राउटरच्या डीएनएसमध्ये १.१.१.१ आणि ८.८.४.४ टाका.

आता राउट, म्हणजे कुठली वाहतूक कुठून जाईल ते सांगणारे नियम. बहुतेकांची चूक इथे होते. साधा उपाय म्हणजे दोन डिफॉल्ट राउट (बाहेर जाणाऱ्या सगळ्या वाहतुकीचे) लिहायचे, एकाला डिस्टन्स १ आणि दुसऱ्याला २ द्यायचं (कमी आकड्याचा आधी वापरला जातो), आणि ‘चेक गेटवे’ला पिंग, म्हणजे पुढचा टप्पा उत्तर देतो का ही तपासणी, लावायचं. पण इथे गेटवे म्हणजे टेबलावरचा मोडेम. बाहेर रस्त्यावर फायबर तुटली तरी तो पिंगला उत्तर देत राहतो. राउटरच्या लेखी सगळं ठीक असतं आणि ऑफिस मात्र बसून असतं. म्हणून मोडेमच्या पलीकडचा पत्ता तपासायला हवा, इथे गूगलचा ८.८.८.८ (स्कोप आणि टार्गेट स्कोप हे एका राउटला दुसऱ्या राउटचा आधार घेता येईल का ते ठरवणारे आकडे) :

१. ८.८.८.८/३२ साठी राउट : गेटवे १९२.१६८.१.१, स्कोप १०.
२. ०.०.०.०/० साठी राउट : गेटवे ८.८.८.८, डिस्टन्स १, टार्गेट स्कोप ११, चेक गेटवे पिंग.
३. ०.०.०.०/० साठी दुसरा राउट : गेटवे १९२.१६८.२.१, डिस्टन्स २.

टार्गेट स्कोप १० ठेवला तर ७व्या आवृत्तीत वरचा क्रमांक २चा राउट सक्रियच होत नाही. जुन्या लेखांत १०च दिलेला असतो, कारण ६व्या आवृत्तीत तो चालत असे. पिंग दर १० सेकंदांनी जातो आणि सलग दोन चुकले की राउट बाद होतो. म्हणजे सुमारे २० सेकंदांत बदल. आणि ८.८.८.८ पहिल्या लाइनला बांधलेला असल्याने तोच पत्ता कुणाच्याही संगणकावर डीएनएस म्हणून ठेवू नका.

चाचणी करताना मोडेम आणि राउटर यांच्यामधली केबल काढू नका, त्याने काहीच सिद्ध होत नाही. मोडेमची फायबर काढा, मिनिटभर थांबा, साइट उघडा. मग फायबर परत लावा आणि वाहतूक पहिल्या लाइनवर येते का ते बघा.

इंटरनेटवरून चालणारे टेबल-फोन या बदलात अडकतात. राउटरमधली त्यांच्या चालू जोडणीची जुनी नोंद पहिल्या लाइनच्या पत्त्यालाच चिकटलेली असते, आणि फोन मधूनमधून पाकिटं पाठवत राहतो म्हणून ती मरतही नाही. फायरवॉलच्या ‘कनेक्शन्स’ यादीतून त्या फोनच्या नोंदी काढल्या की फोन सुरू होतो.

दोन्ही लाइन एकाच वेळी वापरायचा मोह होतो. प्रत्येक जोडणी वेगवेगळ्या लाइनवर वाटली तर बँकेच्या साइटला मध्येच पत्ता बदललेला दिसतो आणि ती लॉगआउट करते. लहान ऑफिसात त्यापेक्षा कामानुसार वाटणी बरी : कॅमेरे आणि पाहुण्यांचं वायफाय दुसऱ्या लाइनवर. त्यासाठी ‘राउटिंग’मध्ये वेगळं टेबल करा, ‘फिब’ या पर्यायावर खूण करा (म्हणजे ते टेबल प्रत्यक्ष वापरात येतं), त्यात १९२.१६८.२.१ कडे जाणारा डिफॉल्ट राउट लिहा आणि कॅमेरे व पाहुण्यांच्या नेटवर्कसाठी, समजा १९२.१६८.२०.०/२४ साठी, हे टेबल वापरायला सांगणारा ‘लुकअप’ नियम लावा. त्याच्या वर मात्र १९२.१६८.०.०/१६ कडे जाणारं सगळं ‘मेन’ टेबलात पाठवणारा नियम हवाच, नाहीतर कॅमेऱ्याचं चित्र शेजारच्या संगणकावर यायच्याऐवजी दुसऱ्या मोडेमकडे निघून जातं.

शेवटचं काम नेटवॉचचं, म्हणजे एखादा पत्ता उत्तर देतो का ते पाहत राहणाऱ्या राउटरमधल्या सोयीचं. ९.९.९.९/३२ या बाहेरच्याच दुसऱ्या पत्त्याचा राउट दुसऱ्या मोडेमकडे बांधा आणि ८.८.८.८ व ९.९.९.९ या दोन्हींवर नेटवॉच लावून लाइन पडली की ईमेल येईल असं करा. बदल इतका गुपचूप होतो, की पहिली लाइन आठवडाभर बंद असली तरी ऑफिसात कुणाला पत्ता लागत नाही.